‘ऑपरेशन चांगलं झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

(पाटणमध्ये रेकॉर्ड केलेल्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा भाग पुण्यातून नाही, पाटणमधून, घरातनंच रेकॉर्ड करतोय. समोरून कराड-चिपळूण रस्ता जातो, त्यामुळं मधेमधे ट्रक ऐकू येतील, तेवढं सांभाळून घ्या. एरवी मी इथं सॉफ्टवेअरबद्दल बोलतो. आज बाळाच्या शीबद्दल बोलणार आहे. हसू येत असेल तर हसून घ्या, पण भाग बंद करू नका. घरात, भावकीत, शेजारी कुठं दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर विशेषच.

एक आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, कोड लिहितो. जे सांगतोय ते तीन वर्षं एका मुलीच्या फायली सांभाळताना, डॉक्टरांना प्रश्न विचारताना आणि रात्री जागून वाचताना कळलेलं आहे.

तर सुरुवात एका शब्दापासून. ताईची मुलगी, माझी भाची, 66 दिवसांची असताना आम्ही तिला पुण्याला नेलं. तपासण्या सुरू झाल्या आणि एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “कसाई करावं लागेल.” आमची आजी सोबत होती. तिनं पोरीला छातीशी धरलं आणि उठून दारापर्यंत गेली. कसाई म्हटल्यावर तिला एकच अर्थ माहीत. डॉक्टरांच्याही लक्षात आलं, ते खुर्ची ओढून तिच्यापाशी बसले. म्हणाले, “आजी, हे जपानमधल्या डॉक्टरचं आडनाव आहे. मोरिओ कासाई. मोठा माणूस होता.”

तो आजार म्हणजे बिलियरी अट्रेसिया. यकृत, म्हणजे आपण लिव्हर म्हणतो ते, पित्त तयार करतं. ते पित्त नळीतून आतड्यात उतरतं. शीला जो पिवळा रंग असतो तो त्या पित्ताचा. काही बाळांमध्ये यकृताबाहेरची ही नळी सुजून, आकसून बंद होते. नेमकं का होतं हे विज्ञानाला अजून उलगडलेलं नाही. पण आईनं काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ताईला पहिल्या महिन्याभरात हे कितीजणांनी विचारलं ते मी मोजलेलं नाही, मोजायला पाहिजे होतं.

आमच्याकडं शेती आहे, म्हणून मला ते पाटाच्या पाण्यासारखं समजलं. पाट मधे बुजला तर पाणी मागं तुंबतं आणि वरचा वाफा कुजायला लागतो. पित्त असंच यकृतात तुंबतं. यकृत कडक व्हायला लागतं, आणि ते रोज होत असतं. बाळ हसतंय, दूध पितंय, आत हे चालू. काहीच केलं नाही तर यातली बहुतेक मुलं दोन-तीन वर्षांच्या पुढं जात नाहीत.

आता कासाई. 1955 साल, जपानमधलं सेंदाई शहर. 72 दिवसांचं एक बाळ टेबलावर होतं. पोट उघडलं तर जोडायला नळीच सापडेना. यकृताच्या खालच्या बाजूला, जिथून पित्तनलिका बाहेर पडायला पाहिजे, तिथं छेद घेतला तर रक्त थांबेना. ते थांबवायला कासाईंनी आतडं त्या जागेवर दाबून बसवलं. नंतर त्या बाळाच्या शीला रंग आला असं सांगतात. पुढं यातूनच ऑपरेशन घडत गेलं. वाळलेली नळी पूर्ण काढायची, यकृताच्या तोंडाशी, जिथं केसासारख्या बारीक वाहिन्या अजून झिरपत असतात, तिथपर्यंत जायचं, आणि लहान आतड्याचा एक तुकडा वर आणून तिथं शिवायचा. म्हणजे बुजलेला पाट खोदून काढायचा आणि जिथं पाणी पाझरतंय तिथंच नवी चारी लावायची. पाझर शिल्लक असेल तर पाणी येणार. पाझरच आटला असेल तर चारी कितीही सुरेख खणा.

जे काही दिवसांचं गणित आहे ते इथंच आहे.

आमच्या मुलीचं ऑपरेशन 78 व्या दिवशी झालं. सर्जन बाहेर आले, म्हणाले, “ऑपरेशन चांगलं झालं.” आमच्या घरानं ऐकलं: पोरगी बरी झाली. भावजींनी पेढे आणले. मीही खाल्ले. ते खोटं बोलले नव्हते, आम्हीही चुकीचं ऐकलं नव्हतं, पण त्या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळे प्रश्न दडलेले होते. ते मला कुणी फोडून सांगितले नाहीत. म्हणून आज मी ते फोडून सांगतोय.

पहिला प्रश्न, टाके नीट पडले का, बाळ ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर आलं का. सर्जन दारात उभं राहून याचंच उत्तर देत असतात. अनुभवी हातांत ते बहुतेक वेळा ‘हो’च असतं.

दुसरा, पित्त वाहायला लागलं का. हे त्या दिवशी देवालाही सांगता येत नाही. शीचा रंग बघायचा आणि तीन ते सहा महिन्यांत रक्तातलं बिलिरुबिन 2 मिलिग्रॅमच्या खाली येतं का ते बघायचं. चांगल्या केंद्रांमध्ये साधारण निम्म्या, किंवा थोड्या जास्त मुलांची कावीळ अशी उतरते. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालेल्या मुलांतसुद्धा बऱ्याच जणांची उतरत नाही.

तिसरा, कावीळ उतरली तरी मूल स्वतःच्या यकृतावर किती वर्षं काढतं. दहा वर्षांनी स्वतःचं यकृत घेऊन शाळेत जाणारी मुलं, देशोदेशीच्या चांगल्या आकड्यांतही, साधारण तीनात एक ते दोनात एक. बाकीच्यांना कधी ना कधी यकृत प्रत्यारोपण लागतं.

आणि चौथा, मूल जिवंत आहे का, मग यकृत कुणाचंही असो. हा आकडा आता खूप चांगला आहे, कारण प्रत्यारोपण खूप सुधारलं. आता मला सांगा, या चारांपैकी ‘सक्सेस रेट किती?’ या आपल्या प्रश्नाचं उत्तर कुठलं? पहिल्या भेटीत मी डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, “कशाचा?” मला तेव्हा वाटलं, टाळतायत. आज वाटतं, तोच बरोबर प्रतिप्रश्न होता.

आता तैवानबद्दल सांगतो, कारण दिवसांची किंमत मला तिथल्या आकड्यांवरून कळली. तैवानमध्ये हा आजार आपल्याला वाचायला मिळतो त्या युरोपच्या मानानं जास्त होतो. त्यांनी 2002 मध्ये काही भागात आणि 2004 पासून देशभर एक साधी गोष्ट केली. बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड छापलं. इकडं नॉर्मल रंग, इकडं फिके रंग, आणि खाली कुठं कळवायचं ते. कल्पना मूळची जपानमधली, 1990 च्या दशकातली. कार्डाआधीच्या काळात तिथं पाच वर्षांनी स्वतःच्या यकृतावर असलेली मुलं होती शंभरात 27. कार्डानंतरच्या मुलांत ती झाली 64. एकूण जगलेली 56 वरून 89 वर गेली. सगळं श्रेय कार्डाचं नाही हां. त्याच काळात प्रत्यारोपण, औषधं, सगळंच सुधारलं. पण साठ दिवसांच्या आत ऑपरेशन होणाऱ्या मुलांचं प्रमाणही वाढलं, आणि ते काही सर्जननं केलेलं नाही. ते घरातल्या माणसांनी लंगोट उघडून बघितल्यामुळं झालं.

आणि हा साठ दिवसांचा आकडा म्हणजे कडा नाही, उतार आहे. 59 ला वाचतं आणि 61 ला बुडतं असं काही नाही. पंचेचाळीसला साठपेक्षा बरं, साठला नव्वदपेक्षा बरं. भारतातल्या डॉक्टरांची वर्षानुवर्षं एकच तक्रार आहे: मुलं उशिरा येतात. आमचीही आली.

कशी आली ते सांगतो. दोष कुणा एकाचा नाही, आणि माझा तर नक्की आहे.

ताईचं सासर ढेबेवाडीच्या बाजूला, बाळंतपणाला ती इथं माहेरी होती. मुलगी चांगल्या वजनाची. तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ झाली, ती तर निम्म्या बाळांना होते. ती पूर्ण गेलीच नाही. आजी म्हणाली, कोवळ्या उन्हात धरा. धरलं. कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याकडं घेऊन जा म्हणालं, तिथंही एक फेरी झाली. त्यानं चुन्याच्या पाण्यानं बाळाचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांनी बघितलं. पाणी पिवळं झालं, शी पांढरीच राहिली. ते कुणी बघितलं नाही. बघितलं म्हणजे, बघून धुऊन टाकलं.

एका दवाखान्यात दाखवलं. आईच्या दुधाची कावीळ आहे, जाईल आपोआप, असं सांगितलं. हे होतं, खरंच होतं, आणि बहुतेक वेळा तेच असतं. पण त्या काविळीत शी पिवळीच असते आणि लघवी पाण्यासारखी. आणि चौदा दिवसांच्या पुढं कावीळ टिकली तर एक तपासणी करायची असते: बिलिरुबिन एकूण किती आणि त्यातलं डायरेक्ट किती. एवढीच. थोडंसं रक्त लागतं. आमची ती 64 व्या दिवशी झाली, एका बालरोगतज्ज्ञांकडं. ते पहिल्यांदा काय म्हणाले माहितीय? “शी केलेलं एखादं दुपटं आणलंय का?”

आता माझं. बारसं उशिरा केलं होतं, 36 व्या दिवशी. मी पुण्याहून आलो, फोटो काढले. फोन सगळं तारखेनिशी ठेवतो. नंतर दवाखान्यात बसून मी ते फोटो मोठे करून बघत होतो. एका फोटोत मागं दोरीवर लंगोट वाळत घातलेत, आणि प्रत्येकावर पिवळे डाग आहेत, धुऊनसुद्धा न गेलेले. एवढ्याशा बाळाच्या लघवीनं कापडाला डाग पडत नाही, पडायला नको. आणि त्याच दिवशी तिनं माझ्या मांडीवर शी केली होती. मला नीट आठवतंय, गणपतीच्या शाडूसारखी, राखाडी-पांढरी. मी ‘ई’ केलं, तिला ताईकडं दिलं आणि पँट धुवायला गेलो. 36 वा दिवस. ऑपरेशन 78 ला. बेचाळीस दिवस माझ्या फोनमध्ये पडून होते.

हा बेचाळीसचा आकडा आणखी एका ठिकाणी येतो. आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात ना, त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस. त्याच सुमारास सहाव्या आठवड्याची लस. त्यानंतर घरी ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. पुढची लस दहाव्या आठवड्यात, म्हणजे 70 वा दिवस. मी हे वेळापत्रक मांडलं तेव्हा माझ्यातल्या इंजिनिअरला आनंदच झाला, कारण यंत्रणा आधीच उभी आहे. सहा वेळा एक माणूस घरात येतो, वजन करतो, ताप बघतो. त्यात एका प्रश्नाची भर. जन्मजात दोष शोधायचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, असे नऊ दोष त्यात धरले. हा आजार त्यात नाही, आणि जन्माच्या दिवशी तो दिसतही नाही. तो दिसतो पुढच्या महिन्याभरात, लंगोटात.

पुण्यात पुढं सोनोग्राफी, मग एक स्कॅन, त्या स्कॅनच्या आधी पाच दिवस औषध द्यावं लागतं, मग सुईनं यकृताचा तुकडा. प्रत्येक पायरी बरोबर असेल, पण घरून उशिरा निघालेल्या माणसाला प्रत्येक पायरी लांब वाटते. आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी केली, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन. पित्त नसलं की ते व्हिटॅमिन अंगी लागत नाही, रक्त गोठत नाही. काही बाळांचा आजार मेंदूत रक्तस्राव झाल्यावरच कळतो, हे मला तिथं शेजारच्या खाटेवर कळलं.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी शी हिरवट-पिवळी झाली. ताईनं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली सोळा जणांनी हात जोडले. बहुधा जगातला सगळ्यात जास्त नमस्कार मिळालेला लंगोट असेल. मी स्प्रेडशीट केली. बिलिरुबिन 11 होतं, मग 7, मग 4, तिथं दोन महिने अडकलं, आणि पाचव्या महिन्यात 1.6. त्या दिवशी मी पेढे आणले नाहीत. शिकलो होतो.

आज ती तीन वर्षांची आहे, डोळे पांढरेशुभ्र, बालवाडीत जाते. तिचं यकृत तिचंच आहे. ते कडकही आहे आणि तिची प्लीहा वाढलेली आहे. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का ते दुर्बिणीनं बघावं लागतं. तिच्या भातावर आम्ही खोबरेल घालतो, कारण त्यातली काही चरबी पित्ताशिवायही पचते. आमच्या घरात शेंगतेलाशिवाय दुसरं तेल माहीत नव्हतं. आणि ताप. ऑपरेशननंतर आतड्यातले जंतू त्या नव्या वाटेनं यकृतात चढू शकतात. त्यामुळं तिचा ताप म्हणजे पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायचा ताप नाही. 100.4 झाला की निघायचं. दोनदा असं झालंय. एकदा जुलैत, रात्री दोनला, धो धो पावसात. दाराच्या मागं एक बॅग कायम भरलेली असते: फाइल, कपडे, औषधं, चार्जर.

प्रत्यारोपणाचा विषय निघालेला आहे. अजून गरज नाही, पण ‘नाही’ असंही कुणी म्हणत नाही. ताईचा रक्तगट जुळतो. लहान मुलाला मोठ्या माणसाच्या यकृताचा डावीकडचा छोटा भाग पुरतो, आणि देणाऱ्याचं पुन्हा भरून येतं. 1963 मध्ये डेन्व्हरला जगातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण झालं, तेही याच आजाराच्या मुलावर. तो तीन वर्षांचा होता, टेबलावरच गेला. 1998 मध्ये दिल्लीत भारतातलं लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं. कांचीपुरमचा वीस महिन्यांचा मुलगा, आजार हाच, यकृत वडिलांचं. तो मुलगा मोठा होऊन डॉक्टर झाला. ताईच्या फोनमध्ये त्याची बातमी सेव्ह आहे. कासाई नीट झालं नाही म्हणून सगळं संपलं असं नाही, हे तिला त्या बातमीनं सांगितलं, माझ्या स्प्रेडशीटनं नाही. खर्चाचं मात्र बोलून ठेवावं लागतं. सरकारी योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. आम्ही डिस्चार्जच्या आदल्या दिवशी विचारलं.

आजी एकदा म्हणाली, आमच्या वेळेलाही पोरांची लिव्हरं वाढायची, मग ते बंद झालं. मला वाटलं, असंच काहीतरी. वाचलं तर खरं निघालं. तो आजार वेगळा, इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. 1980 च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी त्याचा माग काढला तो स्वयंपाकघरात. बाळाचं दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात तापवायचं, तांबं दुधात उतरायचं, आणि बाळाच्या यकृतात साठायचं. भांडी बदलली, स्टील आलं, आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्या मुलीच्या आजारात भांड्याचा संबंध नाही, हे आजीला तीनदा सांगावं लागलं. पण यकृताच्या दवाखान्यातला निकाल घरातल्या एका सवयीनं बदलतो, हे इथं पुण्यात एकदा झालेलं आहे.

मग मी काय केलं? अर्थातच, ॲप. दुसरं काय सुचणार. फोटो काढा, रंग ओळखा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सवाल्यांनी असं ॲप केलेलंही आहे. मी दोन शनिवार-रविवार घालवले. आमच्या माजघरात पिवळा बल्ब आहे. त्याखाली शाडूसुद्धा पिवळा दिसतो. मग कार्ड छापायचं ठरवलं. इथल्या झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढली, तर फिकी शी हिरवट आली आणि नॉर्मल शी विटकरी. असं कार्ड वाटणं म्हणजे न वाटण्यापेक्षा वाईट. ते अजून कपाटात आहे.

आमच्या आशाताईंना मी ही सगळी कहाणी ऐकवली. त्या शांतपणे म्हणाल्या, “कार्ड कशाला? मी विचारते की. लंगोटाला लघवीचा डाग पडतोय का? शी हळदीसारखी का शाडूसारखी? आणि दारात, उजेडात आणून दाखवा म्हणते.” आता त्या बेचाळीसाव्या दिवसापर्यंतच्या प्रत्येक भेटीत हे विचारतात. गेल्या महिन्यात मोरगिरीच्या बाजूच्या एका बाळाला त्यांनी कराडला पाठवलं. चार आठवडे झाले तरी डोळे पिवळे होते आणि शी फिकट वाटली. तपासणी झाली, डायरेक्ट बिलिरुबिन नॉर्मल, आईच्या दुधाचीच कावीळ. घरचे वैतागले. एक दिवसाचा रोजगार गेला, बाळाला उगाच टोचलं म्हणाले.

मी ताईंना म्हटलं, तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं.

त्या म्हणाल्या, “चालतंय की.”